डाव्या बाजूचा पोचा

आमच्या दोन दुकानांच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि तीही पत्र्याची. पलीकडे तो पोचे काढतो, अलीकडे मी रंग मारतो. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. ज्या गाडीवर त्याचा हात फिरतो तिच्यावर मग माझा फिरतो, आणि गाडी घरी गेली की तिला कधी काही झालं होतं हे कोणाच्या लक्षातही येऊ नये, अशी आमच्या कामाची रीत. मला ती कधी फारशी पटली नाही. माझा रंग निदान दिसतो. त्याचं काम जितकं चांगलं तितकं ते कमी दिसतं, आणि याचाच त्याला मोठा अभिमान.

लोक त्याला मास्तर म्हणतात. मी बहिऱ्या म्हणतो आणि तो मला रंग्या म्हणतो. त्याचा उजवा कान लहानपणीच गेला, डावा धंद्यानं हळूहळू नेला. वडील बादल्या आणि कोठ्या बनवायचे, आई त्यांच्या सांध्यांना डाख लावायची, आणि हा आठव्या वर्षापासून दिवसभर त्या ठोकाठोकीत बसलेला. लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं कोणी विचारलं, तर म्हणतो, ऐकू आलं नाही. विधवा बहिणीबरोबर राहतो. त्या घरात मी आजवर एकही चेपलेलं भांडं पाहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या घरी गेला तरी याचे हात स्वस्थ बसत नाहीत. एकदा आम्ही एका ओळखीच्या माणसाच्या मयताला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि हा कोपऱ्यात त्यांच्या पाण्याच्या भांड्याचा काठ अंगठ्यानं दाबून सरळ करत होता. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्याचा एक हट्ट मात्र आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पोचा कसा पडला हे तो गिऱ्हाइकाला सांगूच देत नाही. गाडी ठोकलेला माणूस खोटं बोलतो, असं त्याचं मत. कोणी सुरुवात केली, "मास्तर, गाडी नुसती उभी होती हो, मागून कोणीतरी..." की हा हात वर करतो. "राहू दे. पत्रा सांगेल." माणूस गेला की एक पातळ मलमलचा तुकडा पत्र्यावर टाकतो, त्यावरून तळहात फिरवतो, डोळे मिटतो, आणि मग भिंतीपलीकडून मला हाक मारून सांगतो, "उभी कसली होती? खांबाला धडकलाय स्वतः. डावीकडं वळताना. आणि मागे कोणीतरी जड माणूस बसलेलं होतं." पुढे कधीतरी त्या गिऱ्हाइकाच्या बायकोकडून तेच कळायचं. असं इतक्या वेळा झालं की त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, माणसांना विचारायची गरजच नाही. बहिऱ्या माणसाला ही सोय मोठीच. मीही कधी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी थंडी ओसरत असताना तिशी-पस्तिशीचा एक माणूस चादरीत गुंडाळलेली टाकी घेऊन आला. निजलेलं मूल आणावं तशी छातीशी धरून आणली होती त्यानं. जुन्या मोटारसायकलची टाकी, जाड पत्र्याची, तशी गाडी बनवणं बंद होऊन जमाना झाला. मी ब्रश धूत होतो, तो खाली ठेवून बघायला गेलो. डाव्या बाजूला, बसणाऱ्याचा गुडघा येतो तिथं, ओंजळ मावेल एवढा पोचा होता.

"बाबा दवाखान्यात आहेत," तो म्हणाला. "ऑपरेशन झालंय. बारा दिवसांनी घरी येतील. त्यांना न सांगता करून ठेवायचंय. मी लहानपणापासून ही अशीच बघतोय, पण बाबा काही..."

हात वर झाला. "पत्रा सांगेल."

तो बिचारा टाकी ठेवून निघाला. मुलगा परगावी नोकरीला होता, आईला सांभाळायला रजा काढून आला होता, एवढंच मी त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो तेव्हा कळलं.

परत आलो तर बहिऱ्या टाकीवर मलमल टाकून बसला होता. नेहमी त्याचं हे काम दोन मिनिटांत होतं. त्या दिवशी पाऊण तास झाला तरी तो डोळे उघडेना. शेवटी मला म्हणाला, "रंग्या, हात दे." माझा हात धरून त्यानं पोच्याच्या कडेनं फिरवला. मला काही कळलं नाही. मला रंगाची जाडी कळते, पत्र्याचं पोट कळत नाही.

"हा पडलेला नाही," तो म्हणाला. "पाडलाय. लाकडी हातोड्यानं. कडेकडेनं घेत आत गेलाय, घाई न करता. बघ, काठाला एक सुरकुती नाही. वर रंग मारलाय तो पण त्याच वेळचा. मला असा पाडता यायचा नाही."

"मग विचार ना त्याला, का पाडला म्हणून."

"त्याला काय माहीत? तेव्हा तो जन्मला पण नसेल."

"मग त्याच्या बापाला विचार. दवाखान्यातच आहे, वर नाही गेलेला."

"पत्र्यानं सांगितलं तेवढं बास झालं."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ती टाकी हवी होती. तसल्या टाकीवर काठाशी हातानं सोनेरी रेघ ओढायची असते, खारीच्या केसांच्या लांब ब्रशनं, एका दमात. ते काम माझ्याकडे कित्येक वर्षांत आलं नव्हतं. पोचा राहिला तर रेघ तिथं वाकडी दिसणार. तेव्हा मी मूग गिळून बसलो, आणि या सगळ्यात माझा वाटा तेवढा आहेच.

त्यानं पेट्रोल काढलं, टाकी साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतली, एक रात्र पाण्यानं भरून ठेवली. टाकीत वाफ राहिली तर काम करणाऱ्याचं काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय. मग झाकणाच्या भोकातून वाकड्या सळ्या आत घालून तो पत्रा आतून बाहेर ढकलू लागला. एका हातात सळई, दुसरा तळहात बाहेरून टेकलेला. तीन दिवस लागले. रोज सकाळी आल्यावर अर्धा तास तो सळईला हातच लावायचा नाही, नुसता पोचा चाचपत बसायचा. मी म्हटलं, मुहूर्त शोधतोयस का? त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं टाकी माझ्याकडे दिली. मी उजेडात धरून सगळीकडून बघितली, तरी पोचा कुठं होता ते सापडेना. पुट्टी म्हणून चिमूटभर लागली नाही. एवढं काम झाल्यावर तो नेहमी चहा मागवतो. त्या दिवशी मागवला नाही.

मी सात हात दिले. गडद तांबडा रंग, प्रत्येक हातानंतर घासून. रेघ पहिल्याच दमात आली. मुलगा न्यायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी माझ्यावरच खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

दहा दिवसांनी त्याचे वडील आले. सत्तरीच्या पुढचे, काठी टेकत, डावा पाय जरा ओढत. मी समोर होतो म्हणून मलाच विचारलं, टाकी तुम्हीच केली का. मला वाटलं शाबासकी द्यायला आले, मी खुर्ची दिली.

"काम फार सुंदर झालंय," ते म्हणाले. "इतकी सुंदर ती नवी असताना पण नव्हती." मग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "तो पोचा परत पाडता येईल का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "काका, सात हात दिलेत मी तिला. त्यावर आता हातोडा मारायचा म्हणता?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही दोघांनी एवढी मेहनत घेतलीत. माफ करा." आणि उठू लागले.

त्या माणसाला माफी मागायला लावल्याची लाज मला अजून वाटते. त्या वेळी मात्र मी तसाच उभा राहिलो असतो. बहिऱ्या पलीकडून आला होता. त्यानं काय ऐकलं कोण जाणे, पण तो काकांच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "कशासाठी?"

एकतीस वर्षांत त्यानं गिऱ्हाइकाला विचारलेला तो पहिला प्रश्न. काकांनी सांगायला सुरुवात केली, पण त्यांचा आवाज मऊ. बहिऱ्यानं डावा कान पुढे केला. मग त्यांना सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, काही वाक्यं दोनदोनदा. खासगी गोष्ट होती आणि अर्ध्या गल्लीनं ऐकली.

काका वीज मीटर वाचायचे. घरोघर, दिवसाला शंभर-सव्वाशे घरं, मोटारसायकलवरून. चाळीस-एक वर्षांपूर्वी एका ट्रकनं उडवलं, डाव्या खुब्याचं हाड चुकीचं बसलं. पाय पुढे-मागे होई, पण बाजूला फाकेना. रुंद टाकीवर बसलं की खुब्यात सुरी फिरवल्यासारखं दुखे. डॉक्टर म्हणाले मोटारसायकल विसरा. नुकतंच लग्न झालेलं.

"आमच्या हिच्या वडलांचा ट्रंकांचा कारखाना होता," काका म्हणाले. "सासरे थकले, मग हीच चालवायची. सात कारागीर होते हाताखाली, सगळे हिला टरकून. तिनं मला गाडीवर बसवलं. माझ्या गुडघ्याला खडू फासला आणि म्हणाली, जिथवर सुखानं पाय येतो तिथवर टेकव. खडू उमटला तिथं एका रविवारात तिनं तो पोचा पाडला. मी निवृत्त होईपर्यंत तीच गाडी चालवली."

"पोरानं कधी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"विचारायचा. मी म्हणायचो, असाच आहे तो. पोराला काय सांगायचं, बापाचा पाय अधू म्हणून? तेव्हा ते बरं वाटायचं नाही. नंतर राहूनच गेलं."

बहिऱ्याची नजर खाली होती. मग काकांनी उरलेलं सांगितलं. चार वर्षांपासून काकूंना आठवेनासं झालंय. नवरा कधी ओळखू येतो, कधी नाही. दिवसभर ठीक असतात. ऊन उतरलं की अस्वस्थ होतात, दाराशी जाऊन उभ्या राहतात, म्हणतात, मला घरी जायचंय. स्वतःच्याच घरात. रडतात, कडी ओढतात. पहिले काही महिने काकांनी समजावून बघितलं. मग एकदा सुचलं म्हणून त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून वीस मिनिटं फिरवून आणलं आणि त्याच दारात उतरवलं. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, आलं घर. आत जाऊन शांत जेवल्या.

"तेव्हापासून रोज नेतो," काका म्हणाले. "बंद गाडीत बसवली की दार उघडायला बघते. पोराच्या मागे बसत नाही. स्कूटर आणून बघितली, तिच्यावर पण चढली नाही. आता मी घरी येऊन दहा दिवस झाले, रोज संध्याकाळी ती घरी जायचंय म्हणते आणि मला तिला नेता येत नाही. काल मी तसाच बसून बघितलं. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथून पोरानं दोघांना आणलं. परवा पोरगा परत जाणार."

बहिऱ्या एवढंच म्हणाला, "गाडी पाठवून द्या. परवा सकाळी तुम्ही या." काका गेल्यावर तो पलीकडे जाऊन हत्यारं पुसत बसला. मी गेलो.

"हात चांगला होता, मी म्हणालो होतो ना?" तो म्हणाला. "आता त्या बाईला नवरासुद्धा धड ओळखू येत नाही. तिचा हात तेवढ्या पत्र्यात शिल्लक होता. तो मी पुसला, रंग्या."

मी म्हटलं, परत पाडू. तो म्हणाला, "पाडू म्हणणं सोपं आहे. पत्रा एकदा आत गेला, एकदा बाहेर आला. दमलाय तो. आता परत आत घेताना काठाला फाटला तर संपलं. दुसरी टाकी मिळायची नाही, आणि सांधलेल्या टाकीत पेट्रोल घालून मी त्या दोघांना रस्त्यावर पाठवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी लावून गेला. त्याचा चेहरा इतका पडलेला होता की मीच म्हटलं, तुझी चूक नाही रे बाबा, आम्ही तुला बोलू दिलं नाही. मग मी टाकीच्या डाव्या बाजूचा माझा रंग खरवडायला घेतला. सातही हात, रेघेसकट. कोणी सांगितलं नव्हतं. खाली पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि टाकी बहिऱ्याच्या दारात नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी काका आले ते काकूंना घेऊन. मुलगा पहाटेच गेला होता, त्यांना एकटं ठेवणार कुठं? घर चालत अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्यांना दीड तास लागला होता. काकू ठेंगण्या, ताठ, केस चापून विंचरलेले. त्यांनी आमच्याकडे परक्याच्या घरी बघावं तसं सभ्यपणे बघितलं आणि बाकावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, असं त्यांचं चाललं होतं.

बहिऱ्यानं टाकी गाडीवर बसवली, काकांना वर बसवलं आणि गुडघ्याला खडू फासला. खूण उमटली. मग त्यानं डोळे मिटून त्या खुणेभोवती तळहात फिरवला, आणि मला कळलं की तो खुणेपेक्षा स्वतःच्या हाताला जास्त विचारतोय. तीन दिवस रोज सकाळी चाचपून चाचपून त्याला तो जुना पोचा पाठ झाला होता. पेन्सिलीनं त्यानं कड काढली. मग टाकी उतरवून तिच्यात बारीक चाळलेली वाळू भरली. पोकळ पत्र्यावर ठोकलं की तो भलतीकडेच बसतो. आत वाळू असली की ठोका पडेल तिथंच दबतो.

त्यानं लाकडी हातोडा घेतला आणि कडेला पहिला ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला थांबला आणि वाकून बघितलं. मीही बघितलं. काठाशी केसाएवढी एक सुरकुती उठली होती. तिथून पुढे गेलं तर तीच फाटणार, हे मला पत्र्यातलं काही न कळणाऱ्यालाही कळलं.

तो हातोडा धरून उभा राहिला. साठीचा माणूस, आयुष्यभर पोचे काढलेला. चांगल्या पत्र्यावर मारायला त्याचा हात उठत नव्हता, आणि उठला तरी कसा मारायचा हे त्याला माहीत नव्हतं. कपाळावरचा घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही. काका जमिनीकडे बघत होते. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता हा हातोडा खाली ठेवणार आणि नाही जमणार म्हणणार, आणि हे दोघं आले तसे दीड तास चालत परत जाणार.

"वाळू ओली कर."

आवाज बाकावरून आला. खणखणीत आवाज, सात हातोड्यांच्या वरून बोलायची सवय असलेल्या माणसाचा. बहिऱ्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. त्यानं मान वळवली.

"कोरडी वाळू पळते," काकू म्हणाल्या. त्यांची नजर टाकीवर होती, चेहऱ्यावर चांगलाच वैताग. "ओली कर आणि ठासून भर. आणि आधी ती सुरकुती बसव, नाहीतर तशीच पुढे नेशील. कितीदा सांगायचं?"

"हो," बहिऱ्या म्हणाला.

काका काठीवर भार देऊन अर्धवट उठले होते. त्यांच्याकडे बघून काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कोण? आपल्याला घरी कधी जायचंय?"

"आता जाऊ," काका म्हणाले आणि परत बसले.

बहिऱ्यानं वाळू ओतून काढली, परातीत पाणी शिंपडून कालवली, मुठीत दाबून गोळा राहतो का बघितलं आणि मूठमूठ करून परत आत ठासली. सुरकुती अंगठा आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यानं बसवली. मग ठोके सुरू झाले. हलके, कडेकडेनं, एक फेरी झाली की तळहात, मग पुढची फेरी. पत्रा आता सांगेल तिथंच उतरत होता. मी माझं काम सोडून दारात उभा होतो. काकूंनी परत एकदाही तिकडे बघितलं नाही. त्या पदर गुंडाळत रस्त्यावरची माणसं बघत राहिल्या. जेवणाच्या वेळी बहिऱ्याच्या बहिणीनं डबा पाठवला तो चौघांनी खाल्ला. चार वाजून गेल्यावर त्यानं हातोडा ठेवला.

वाळू काढून, धुऊन, गरम हवेनं आतून सुकवून टाकी गाडीवर चढली. काका बसले. डावा गुडघा सावकाश आत आणला. तो पोच्यात जाऊन टेकला आणि काकांचे खांदे खाली आले.

"बसला," ते म्हणाले.

बहिऱ्यानं त्यांना पाच वेळा उतरवून परत बसवलं. दुखतंय का, दुखतंय का, दर वेळी तेच. एवढे प्रश्न त्यानं जन्मात विचारले नसतील.

मी म्हटलं, गाडी राहू द्या, आठ दिवसांत रंग देतो, पहिल्यापेक्षा चांगला. काका म्हणाले, "आणि या आठ संध्याकाळी हिला कसं नेऊ?" मी उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून अस्तराचा एक करडा हात मारला. तांबड्या टाकीवर तो करडा डाग अजून तसाच आहे, आणि माझी सोनेरी रेघ त्याच्याशी येऊन थांबते. रंगाला या म्हणून मी दोनदा निरोप पाठवला. नंतर सोडून दिलं.

अस्तर सुकेपर्यंत ऊन उतरायला लागलं. काकू बाकावरून उठल्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून म्हणत होत्या, मला घरी जायचंय, मला सोडा. आवाज चढत होता. काकांनी गाडी सुरू केली आणि नुसतं "चल" म्हटलं. त्या आल्या, खांद्याला धरून मागे बसल्या, आणि रडं थांबलं. काका म्हणाले, "काठी राहू दे इथंच. एक फेरी मारून येतो, नीट चालते का बघतो, मग घेऊन जातो."

ते गेले. बहिऱ्या रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो वळणाकडे बघत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी त्याला आत ये म्हटलं, तो आला नाही. वीस मिनिटांनी वळणावर गाडी दिसली. काका सरळ बसले होते. काकूंनी त्यांच्या पाठीला गाल टेकला होता.

गाडी दारात थांबली. काठी द्यायला मी पुढे झालो, पण त्याआधी काकूच उतरल्या. त्यांनी समोर बघितलं. पत्र्याची भिंत, खिळ्यांना टांगलेले हातोडे, जमिनीवर पसरलेली वाळू.

"आलं घर," त्या म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

काकूंनी बाक जरा भिंतीकडे सरकवला, एक पडलेली सळई उचलून उभी केली. मग बाहेर येऊन टाकीपाशी वाकल्या आणि पोच्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. कडेनं एक फेरी, मग आतून एक फेरी, मग परत काठाला, जिथं ती सुरकुती होती तिथं.

बहिऱ्या त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून. "जमलं का, बाई?"

"हात बरा आहे," त्या म्हणाल्या. "कोणाकडे शिकलास?"

"तुमच्याकडेच."

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्याचे पांढरे केस, मातीनं भरलेले गुडघे. थोडा विचार केला.

"मग उद्यापासून वेळेवर येत जा," त्या म्हणाल्या.

"येतो," तो म्हणाला.